शिदोरी कुणी बांधली?

दहावीचा निकाल लागला की धर्मग्रामाच्या कचेरीत आईबापांची ये-जा वाढते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला शिफारसपत्र, तर कुणाला प्रवेशासाठी चार शब्द टाकणारा माणूस. मुलगा किंवा मुलगी हुशार असते, गुणही चांगले मिळालेले असतात, आणि तरीही घरच्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजीच अधिक दिसते. पुढच्या पाच-सात वर्षांचा खर्च कसा उभा करायचा, हा प्रश्न बहुतेक घरांत निकालाच्या दिवशी पहिल्यांदा बोलला जातो. तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

हा प्रश्न आपल्या पिढीत जन्मलेला नाही. गरिबाच्या पोराने वरच्या विद्येपर्यंत कसे पोहोचावे आणि त्याचा भार कुणी उचलावा, ह्याचा विचार ख्रिस्तसभेत आणि समाजात गेली साडेआठशे वर्षे तरी लेखी स्वरूपात चालू आहे. तो इतिहास चाळताना आम्ही प्रत्येक काळाला तीन प्रश्न विचारले. मदत विद्यार्थ्याला कोणत्या वयात मिळाली? ती शिकवणीपुरती होती, की अन्न आणि निवारा ह्यांचाही तीत विचार होता? आणि देणाऱ्याने त्याच्या बदल्यात काय मागितले? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे आजच्या पालकांच्याही कामी येतील, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

नियम आणि त्याची अंमलबजावणी

इ. स. ११७९ मध्ये पोप तिसरे अलेक्झांडर ह्यांच्या अध्यक्षतेखाली रोममध्ये तिसरी लॅटरन धर्मपरिषद भरली. ह्या परिषदेच्या अठराव्या कलमात एक महत्त्वाची आज्ञा आहे. प्रत्येक कॅथेड्रलने एका शिक्षकाच्या निर्वाहाची सोय करावी, आणि त्या शिक्षकाने तेथील धर्मसेवकांना व गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवावे. ज्या मुलांना आईबापांच्या संपत्तीचा आधार नाही, त्यांची शिकण्याची संधी हिरावली जाऊ नये, असा हेतूही तेथे स्पष्ट नोंदलेला आहे. शिकवण्याचा परवाना देताना पैसे घेण्यासही त्याच कलमाने मनाई केली.

ही आज्ञा फार थोर होती. पण पुढे काय झाले ते पाहावे. छत्तीस वर्षांनी, १२१५ साली, चौथ्या लॅटरन परिषदेला तोच विषय पुन्हा हाती घ्यावा लागला. कारण अनेक ठिकाणी जुनी आज्ञा पाळलीच जात नव्हती. तेव्हा परिषदेने ती पुन्हा बजावली आणि ऐपत असलेल्या इतर चर्चनाही लागू केली. कागदावरची सवलत आणि मुलाच्या हाती पडणारी सवलत ह्यांतले अंतर किती जुने आहे, हे ह्यावरून ध्यानात येते. शिष्यवृत्तीसाठी कार्यालयाच्या खेपा घालणाऱ्या आजच्या पालकांना ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

रुग्णालयातील अठरा खाटा

शिकवणी फुकट मिळाली तरी परगावी आलेल्या मुलाने झोपावे कुठे आणि जेवावे काय? त्या काळी विद्यापीठात येणारी मुले चौदा-पंधरा वर्षांची असत. आजच्या हिशेबाने ती आठवी-नववीचीच मुले. ह्या प्रश्नाचे एक साधे उत्तर ११८० साली पॅरिसमध्ये एका प्रापंचिक गृहस्थाने दिले. लंडनचा हा जोशियस नावाचा मनुष्य जेरुसलेमची यात्रा करून परतत होता. पॅरिसच्या जुन्या रुग्णालयात त्याला एक खोली दिसली. गरीब विद्यार्थी तेथे मुक्काम करीत असत. त्याने ५२ लिव्हर मोजून ती खोली विकत घेतली आणि अठरा विद्यार्थ्यांच्या निवासासाठी कायमची लावून दिली. रुग्णालयाने अंथरुणे पुरवावीत आणि दानपेटीतून प्रत्येकाला दरमहा बारा नाणी द्यावीत, अशी व्यवस्था ठरली. पॅरिस विद्यापीठाच्या परिसरातील कॉलेजांचा आरंभ ह्या खोलीपासून धरतात.

बदल्यात काय मागितले, ते अधिक विचार करण्यासारखे आहे. रुग्णालयात कुणी मरण पावले तर विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने प्रेतापुढे क्रूस आणि पवित्र पाणी घेऊन चालावे, आणि रोज रात्री पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणावीत. म्हणजे ज्या घरात भाकरी खायची, त्या घरातील बेवारस मृतांना सोबत करायची. ही अट मुलांना जाचक वाटली असेल का? कधी वाटलीही असेल. परंतु तीत लाचारी नव्हती. फुकट खाणारा म्हणून त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हते. त्यांना करण्याजोगे एक काम होते, आणि ते माणुसकीचे काम होते.

पुढे १२५७ मध्ये रॉबर्ट द सोर्बाँ ह्या धर्मगुरूने पॅरिसमध्येच दैवतशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी निवास उभारला. हा रॉबर्ट स्वतः खेड्यातील गरीब घरातून वर आलेला. राजा नववा लुई ह्याच्या विश्वासातला. आज जगभर ज्या सोर्बाँचे नाव आदराने घेतले जाते, त्याचे मूळ असे गरीब विद्यार्थ्याच्या खाटेत आणि ताटात आहे.

कर्जाची पेटी

इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे वेगळी वाट निघाली. १२०९ मध्ये तेथील नागरिकांनी काही विद्यार्थ्यांना फाशी दिले. चिडलेले शिक्षक व विद्यार्थी गाव सोडून गेले; त्यांतील काही केंब्रिजला गेले. १२१४ साली पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवून आणली. गावाने गरीब विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी आणि संत निकोलसच्या सणाला शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवू घालावे, असे प्रायश्चित्त ठरले.

ह्या वार्षिक रकमेचे काय करावे, ह्याचा विचार लिंकनचे विद्वान बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट ह्यांनी केला. १२४० साली त्यांनी संत फ्रिड्सवाइडच्या मठात एक पेटी ठेवून कर्जाची पद्धत सुरू केली. गरीब विद्यार्थ्याने ग्रंथ, पेला किंवा असे काही तारण ठेवावे आणि पेटीतून बिनव्याजी रक्कम न्यावी. मुदतीत पैसे परत आले नाहीत तर तारण विकावे. पैसा परत आला की तोच दुसऱ्याच्या उपयोगी पडे. शैक्षणिक कर्जाची ही पद्धत लोकांना इतकी पटली की पुढे धनिकांनी अशा आणखी पेट्या स्थापन केल्या.

पण ह्या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. ज्याच्यापाशी तारण ठेवण्याजोगा ग्रंथ आहे, त्यालाच कर्ज. हस्तलिखितांच्या त्या काळात ग्रंथ म्हणजे मोठी मालमत्ता. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याच्यासाठी पेटी बंदच. शिवाय ही मदत मूल कॉलेजात पोहोचल्यावरची. ते पोहोचावे कसे, ह्याचे उत्तर पेटीत नव्हते.

आधी शाळा, मग कॉलेज

ते उत्तर शोधले विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ विकहॅम ह्यांनी. साध्या घरातून आलेले हे गृहस्थ राज्याच्या मुख्य दिवाणपदापर्यंत चढले होते. १३४८–४९ च्या प्लेगच्या साथीत असंख्य धर्मगुरू मरण पावले होते आणि शिकलेल्या माणसांची वाण पडली होती. विकहॅम ह्यांनी १३७९ साली ऑक्सफर्डला न्यू कॉलेज स्थापन केले. पण कॉलेज काढले म्हणजे विद्यार्थी आपोआप तयार होऊन येत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून तीनच वर्षांनी, १३८२ साली, त्यांनी विंचेस्टरला शाळेची सनद दिली. सत्तर गरीब मुलांनी तेथे राहावे, जेवावे, लॅटिनचा पाया पक्का करावा आणि तेथून न्यू कॉलेजात जावे. तेथेही जागा सत्तरच. एकाच हाताने शाळा आणि कॉलेज ह्यांची साखळी जोडली. १४४० साली सहाव्या हेन्री राजाने ईटनची शाळा काढली आणि पुढल्याच वर्षी केंब्रिजचे किंग्ज कॉलेज, ते ह्याच नमुन्यावर.

आमच्या मते ह्या इतिहासातील सर्वांत शहाणा विचार हा आहे. कॉलेजची तयारी कॉलेजच्या दारात होत नाही. ती बाराव्या, तेराव्या, चौदाव्या वर्षी होते; आणि त्या वयात मुलाच्या पोटाची निश्चिती असेल तरच होते.

पण ह्या शहाणपणाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. विंचेस्टर आणि ईटन ह्यांची नावे आज कुणी गरिबांच्या शाळा म्हणून घेत नाही. शतकांच्या ओघात संस्थापकाचे नातलग, जमीनदारांची मुले, ओळखीपाळखीची मुले ह्यांनी त्या जागा व्यापल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुधारणा झाली आणि जागा स्पर्धापरीक्षेने भरू लागल्या. वशिला गेला हे चांगलेच झाले; पण परीक्षेची तयारी करून घेण्यास ज्यांच्यापाशी पैसा होता, तीच मुले पुढे गेली. परीक्षा सर्वांना खुली, पण तयारी विकतची. आपल्याकडे प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांची फी ज्यांनी भरली आहे, त्यांना हे दृश्य अनोळखी नाही. गरिबांसाठी लावलेल्या निधीवर सतत नजर ठेवली नाही, तर तो चढाकडून उताराकडे न जाता उलटा वाहू लागतो.

फुकट शिकवणी आणि गोव्याचा धडा

सोळाव्या शतकात येशूसंघाने शाळा-कॉलेजांचे जाळे विणले. १५४८ साली सिसिलीतील मेसिना येथे आणि १५५१ साली रोममध्ये त्यांच्या शाळा सुरू झाल्या. शिकवणीबद्दल फी घ्यायची नाही, हा त्यांचा दंडक होता. राजे, नगरे आणि दाते ह्यांनी दिलेल्या स्थावर उत्पन्नावर संस्था चालत. संत जोसेफ कॅलासान्झ ह्यांनी १५९७ साली रोमच्या त्रास्तेव्हेरे वस्तीत अगदी गोरगरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. ही कामे फार मोठी आहेत. तथापि फुकट शिकवणीचा लाभ मुख्यतः त्या गावात राहणाऱ्यांना मिळे. दूरच्या खेड्यातील मुलापुढे निवासाचा आणि जेवणाचा प्रश्न उभा राहीच.

ह्याच काळात गोव्यात निवासासह शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. १५४१ साली स्थापन झालेल्या पवित्र श्रद्धेच्या बंधुसंघाने चालवलेली आणि पुढे येशूसंघाकडे आलेली ही संस्था म्हणजे संत पॉलचे कॉलेज. पूर्वेकडील नाना देशांची मुले तेथे राहून शिकत. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली येथेच आला. ह्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावाही. मात्र सत्याला धरून हेही लिहिले पाहिजे की, तिसवाडीतील मोडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ह्या कामासाठी लावून देण्यात आले होते. मुलांच्या ताटात पडणारे अन्न कुणाच्या तोंडचे आहे, हा प्रश्न दात्याने आणि संस्थेने स्वतःस विचारलाच पाहिजे. दानाचा हेतू कितीही चांगला असला तरी दुसऱ्याचे हिरावून केलेल्या दानाला डाग राहतो.

कोल्हापूरची बोर्डिंगे

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६९ साली येशूसंघाचे सेंट झेवियर्स कॉलेज मुंबईत सुरू झाले. विद्येचे दार उघडले खरे; पण ते मुंबई-पुण्यात. खेड्यातील कुणब्याच्या, महाराच्या, कोळ्याच्या मुलाला मॅट्रिकची शाळाच दहा-वीस कोसांवर. शहरात नातलग नाही, खाणावळीला पैसा नाही, आणि कित्येकांना तर जातीमुळे खाणावळीच्या उंबऱ्यावरही कुणी उभे करीना.

हे नेमके दुखणे राजर्षी शाहू महाराजांनी जाणले. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. मग जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह झाले. महाराजांनी जागा दिली, उत्पन्न लावून दिले आणि त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांना जबाबदारी उचलायला लावली. ही बोर्डिंगे शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी होती, हे विसरू नये. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते उगीच नव्हे.

आपल्या मिशनांची बोर्डिंगेही ह्याच प्रकारची. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, आणि तलासरीचा आदिवासी भाग येथे येशूसंघीयांनी चालवलेल्या बोर्डिंगांतून जी मुले शिकली, त्यांच्या घरांत आज शिक्षक, परिचारिका, धर्मगुरू आणि धर्मभगिनी दिसतात. त्यांच्या आजोबांना विचारले तर ते इमारतीपेक्षा जेवणाची घंटा आधी सांगतील.

परळच्या चाळीतील अभ्यास

संस्था मोठ्या असतात, पण आरंभ घरातूनच होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शालेय जीवनाकडे ह्या दृष्टीने पाहावे. वडील सुभेदार रामजी हे निवृत्त सैनिक. मिळकत म्हणजे तुटपुंजे निवृत्तिवेतन. परळच्या चाळीतील एका खोलीत सगळा संसार. मुलाने अभ्यासाला पहाटे दोन वाजता उठावे म्हणून वडील स्वतः तोवर जागत. मुलाला पुस्तक हवे असे आणि खिशात पैसा नसे, तेव्हा रामजी लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात. धाकटीपाशी पैसे नसले तर थोरलीकडून एखादा दागिना घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणत आणि निवृत्तिवेतन मिळाले की सोडवून परत देत. कर्ज काढावे, पण वेळेवर फेडावे आणि ते विद्येसाठीच काढावे, असा ह्या बापाचा हिशेब होता.

मुलगा शाळेनंतर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शिक्षक-लेखकाने त्याला हेरले, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. पुढे कॉलेजचे शिक्षण पैशावाचून अडले तेव्हा ह्याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपाशी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली महाराजांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. त्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता.

१९१७ साली बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्यास गेले. पण इतक्या मोठ्या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. जात आडवी आली आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. महाराजांनी दिलेला पैसा खरा होता. कमी पडले ते समाजाचे छप्पर. नुसत्या पैशाने मनुष्य उभा राहत नाही, त्याला सन्मानाने राहू देणारे घरही लागते, हा धडा ह्या प्रसंगाइतका दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ह्या सगळ्या कथेत आम्हांला केळुसकरांचे स्थान विशेष वाटते. त्यांच्यापाशी संस्थान नव्हते, खजिना नव्हता. बागेत वाचत बसलेल्या एका शाळकरी मुलाची त्यांनी विचारपूस केली आणि ती वर्षानुवर्षे सोडली नाही. एवढे तर आपल्यापैकी कुणालाही करता येईल.

साताऱ्याचे ताट

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले ह्या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तरुणपणी ते स्वतः कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी छत्रपती शाहू बोर्डिंग काढले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत, स्वतः स्वयंपाक करीत, धुणी धूत, शेतात राबत. महात्मा गांधींनी १९२७ साली ह्या बोर्डिंगास भेट दिली. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या जैन घरातल्या. पण ह्या मुलांसाठी त्यांनी शिवाशिव दूर सारली. बोर्डिंगातले धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. रयतेच्या वटवृक्षाखाली ह्या माउलीचे सोने पुरलेले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव ह्यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले. मुलाने श्रम करावेत आणि त्या श्रमांवर शिकावे, ही 'कमवा आणि शिका' योजना तेथे रुजली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि तीच योजना कॉलेजात आली. आधी शाळा, मग कॉलेज, आणि दोन्हींच्या मध्ये विद्यार्थ्याच्या पोटाची सोय. साडेपाचशे वर्षांपूर्वी विंचेस्टरच्या बिशपांनी जी साखळी जोडली होती, तीच इथे एका खेड्यातून आलेल्या माणसाने जोडली. फरक एवढाच की भाऊरावांनी तीत विद्यार्थ्याच्या घामाची कडी घातली. शाहू बोर्डिंगातील बॅ. पी. जी. पाटील हे विद्यार्थी पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. दहावीनंतर मुलाला दुकानावर, गवंड्याच्या हाताखाली किंवा होडीवर पाठवताना काही पालक म्हणतात, "कमवू दे की, कर्मवीरांनीही तेच सांगितले." कर्मवीरांनी ते सांगितले नाही. त्यांनी श्रम विद्येच्या जोडीला दिले, विद्येच्या जागी नव्हे. त्यांच्याकडचा मुलगा सकाळी कुदळ घेई, ती दुपारी वर्गात बसता यावे म्हणून.

सरकारचा हात

विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा भार शासनाने मोठ्या प्रमाणात उचलला. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती वगळले गेले. त्यामुळे दलित पार्श्वभूमीच्या अनेक ख्रिस्ती घरांतील मुलांना त्या मार्गाने मदत मिळाली नाही, हे दुःख आपल्या समाजाला परिचित आहे. यशवंतराव चव्हाण तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, १९५९ साली, जातीऐवजी उत्पन्नावर आधारित फीमाफी आली; तिला लोक ईबीसी म्हणू लागले. तिच्यामुळे शेतकऱ्यांची किती मुले पदवीधर झाली ह्याला गणती नाही. २००१ पासून बँकांमार्फत शैक्षणिक कर्जाची देशव्यापी योजना चालू झाली. २००८ साली आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा सुरू झाली. ती उत्तीर्ण झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत मदत मिळावी, अशी तिची रचना. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली.

ह्या योजना नीट पाहिल्या तर त्यांतील बहुतेकींचा भर फीवर आहे, असे दिसेल. खोलीचे भाडे, खाणावळ, प्रवास, पुस्तके, संगणक हा खर्च पुष्कळदा घरावरच राहतो. म्हणजे लॅटरन परिषदेची आज्ञा आली, पण पॅरिसच्या अठरा खाटा मात्र अजून पुरेशा आलेल्या नाहीत.

आपल्या घरी आणि आपल्या धर्मग्रामात

हा इतिहास सांगून आमचे पालकांना एवढेच मागणे आहे की, निकालाच्या दिवसाची वाट पाहू नका. मूल आठवीत गेले की घरातील मोठ्यांनी एकत्र बसून, मुलालाही जवळ बसवून, खर्चाचा मोकळा हिशेब मांडावा. कोणता अभ्यासक्रम, किती वर्षे, फी किती आणि राहण्या-जेवणाचे किती, हे वेगवेगळे लिहून काढावे. आठवीपासून बारावीपर्यंत साठ महिने मिळतात. दरमहा पाचशे रुपये बाजूला पडले तरी व्याज सोडून तीस हजार होतात. त्यांतून पदवी पूर्ण होणार नाही. पण प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात सावकाराच्या दारी जाण्याची वेळ टळेल.

दुसरी गोष्ट कागदांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, ज्यांना लागू असेल त्यांचा जातीचा दाखला, मुलाच्या नावाचे बँकखाते आणि सर्व कागदांवर नावाचे एकच स्पेलिंग. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, शाळेत दुसरे आणि आधारपत्रावर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास आढळते. शिष्यवृत्ती पुष्कळदा गुणांवाचून नव्हे, तर ह्या घोळामुळे अडते. नववीत असतानाच हे सुधारून घ्यावे.

तिसरी गोष्ट कर्जाची. ते काढण्यात कमीपणा नाही. बिशप ग्रोसटेस्ट ह्यांनीच तो मार्ग घालून दिला. मात्र मुलाच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज एकाच वहीत मिसळू नये. शिवाय कर्जावर सही करताना मुलालाही त्याचा अर्थ कळलेला असावा.

शेवटची गोष्ट धर्मग्रामाची. पाचशे कुटुंबांच्या धर्मग्रामात प्रत्येक घराने महिन्याला वीस रुपये दिले तर वर्षाला एक लाख वीस हजार जमतात. एवढ्यात शहरात शिकणाऱ्या काही मुलांच्या खाणावळीचा मोठा वाटा भागेल. असा निधी उभारताना जुन्या चुका ध्यानात ठेवाव्यात. तो कॉलेजच्या दारात नव्हे, तर नववीपासून द्यावा. त्याची यादी ओळखीपाळखीने भरू नये आणि हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचावा, नाहीतर विंचेस्टरची गत होईल. आणि घेणाऱ्या मुलाकडून काहीतरी मागावे. हमीपत्र नको, जाहीर आभार तर मुळीच नकोत. धाकट्या मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवावे, एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजीला दवाखान्यात नेऊन आणावे, कुणाच्या अंत्यविधीला क्रूस धरून पुढे चालावे. पॅरिसच्या त्या अठरा मुलांनी हेच केले होते.

बागेत किंवा ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेले एखादे मूल आपल्या प्रत्येक वाडीत आहे. ते कोणत्या इयत्तेत आहे आणि पुढे काय शिकायचे म्हणते, हे येत्या रविवारी मिस्सानंतर त्याला विचारावे.